लाघवाची कसोटी आणि वैद्याचे निदान



कामगार चळवळीतल्या माणसाने तर्कशास्त्राच्या इतिहासावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते नगर वाचनालयात आणि एस. टी.च्या प्रवासात. परंतु आजचा प्रश्न आमच्याकडे पुस्तकांतून आला नाही. तो एका कापडी पिशवीतून आला.

काही वर्षांपूर्वी एका सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यातला कामगार युनियनच्या कचेरीत आला आणि त्याने ती पिशवी आमच्या टेबलावर रिकामी केली. आत नऊ वर्षांचे दवाखान्यांचे कागद होते. एकाने दमा असे लिहिले होते. दुसऱ्याने, थुंकीत जंतू सापडले नसताही, क्षयाचा संशय धरून सहा महिने गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्याला हा माणूस आठवड्यातले काही दिवस अगदी ठणठणीत दिसला, म्हणून त्याने मानसिक ताणाचा शेरा मारला होता. आणि गिरणीच्या कचेरीचे मत या साऱ्यांहून सोपे होते: माणूस बिडी ओढतो, मग दम लागायचाच.

एका छातीवर तीन निदाने आणि वर हा एक निकाल! यांतले खरे कोणते, आणि ते ठरवावयाचे कशावरून? वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एक नियम शिकवितात, की एका कारणाने सगळ्या लक्षणांचा उलगडा होत असेल तर दोन कारणे मानू नयेत. हा नियम कोठून आला, तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे फसवितो, हे आम्ही त्या पिशवीपायी शोधू लागलो. तेच आज आपणांस सांगावयाचे आहे. पिशवीकडे आपण मागाहून येऊ.

इंग्लंडातील सरे परगण्यात ऑकम नावाचे एक खेडे आहे. तेथला विल्यम, जन्म सुमारे १२८७, हा संत फ्रान्सिसच्या पंथाचा भिक्षू. तो ऑक्सफर्डला शिकला, तेथे शिकवूही लागला, परंतु तेथील अखेरची पदवी त्याच्या हाती कधी पडली नाही. (अशा माणसाविषयी आम्हांस जरा अधिक आपुलकी वाटते, हे कबूल करतो.) त्याच्या मतांत पाखंड आहे अशी तक्रार पोपकडे गेली, आणि १३२४ साली त्यास आजच्या फ्रान्समधील ॲव्हिन्यों येथे बोलावून घेण्यात आले. पोपची गादी त्या काळी तेथे होती. चौकशी चार वर्षे रेंगाळली.

त्याच सुमारास तेथे आणखी एक तंटा पेटला होता, आणि तो आमच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. कारण तो मालमत्तेचा तंटा होता. फ्रान्सिसचे भिक्षू म्हणत, येशू आणि त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काहीही नव्हते, एकेकट्याचेही नाही आणि सामाईकही नाही. तेव्हा आम्हीही काही बाळगणार नाही. चर्चजवळ तर जमिनी होत्या, खजिना होता. हे मत चर्चला परवडणारे नव्हते. पोप बाविसावा जॉन याने १३२३ साली ते पाखंड ठरविले. पंथाचा प्रमुख मायकेल याने विल्यमला सांगितले, पोपची फर्माने नीट तपासून पाहा. विल्यमने ती तपासली आणि निष्कर्ष काढला की पाखंडी कोणी असेल तर तो खुद्द पोपच! १३२८ च्या मे महिन्यात एका रात्री ही मंडळी ॲव्हिन्योंतून निसटली आणि बव्हेरियाच्या लुडविग बादशहाच्या आश्रयास गेली. विल्यमला धर्मबहिष्कृत करण्यात आले. तो १३४७ साली म्युनिकमध्ये वारला.

अंगावर फाजील वस्तू न बाळगणाऱ्या पंथातला हा माणूस विचारातही फाजील सामान बाळगीना. हा संबंध आम्ही जोडतो. इतिहासकार जोडतीलच असे नाही. त्याच्या काळचे पुष्कळ पंडित मानीत की राम, गोविंद, यशवंत यांच्याखेरीज ‘मनुष्यत्व’ म्हणून आणखी एक वस्तू जगात खरोखर आहे. विल्यम म्हणे, आहेत ती माणसे आहेत; ‘मनुष्य’ हा सामान्य शब्द ही मनातली खूण आहे. ज्या वस्तूवाचून काम अडत नाही, ती आहे असे मानू नये. गरजेवाचून अनेकत्व मानू नये, हा त्याच्या विचाराचा गाभा होय.

गंमत अशी की ‘ऑकमचा वस्तरा’ हे नाव त्याने दिलेले नाही, आणि ज्या लॅटिन वाक्यात हा नियम आज सांगतात ते वाक्य त्याच्या ग्रंथांत आढळत नाही. त्या वाक्याचे रूप त्याच्यानंतर जवळजवळ ३०० वर्षांनी, १६३९ साली, जॉन पंच या आयरिश भिक्षूने लिहिले. वस्तऱ्याची उपमा त्याहूनही मागाहूनची. उलट मूळ विचार विल्यमच्याही पुष्कळ आधीचा. कमी गृहीतांवर उभारलेली सिद्धता अधिक चांगली, असे ॲरिस्टॉटल सांगून गेला होता. मग नाव विल्यमचेच का चिकटले? आमच्या समजुतीप्रमाणे त्याने तो वस्तरा इतरांपेक्षा निर्दयपणे चालविला म्हणून.

परंतु लोक हा नियम सांगताना एक गोष्ट गाळतात, आणि आजच्या आमच्या बोलण्याचा सारा भार तिच्यावरच आहे. विल्यमने गरजेची व्याख्या केली होती. जी गोष्ट स्वतःसिद्ध आहे, जी अनुभवाने कळलेली आहे, किंवा जिला धर्मग्रंथाचा आधार आहे, ती मानावयास त्याची हरकत नव्हती. धर्मग्रंथाची बाब आपण त्याच्या काळावर सोडून देऊ. अनुभवाची बाब मात्र लक्षात ठेवा. अनुभव जर म्हणत असेल की येथे दोन वस्तू आहेत, तर त्या दोन आहेत. त्यांतली एक वस्तऱ्याने उडविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा विचार काही पश्चिमेचीच मिरास नव्हे. आपल्या नैयायिकांचा ‘लाघव’ हा शब्द आम्हांस वाचनालयातल्या एका निवृत्त शास्त्रीबुवांनी दिला. ज्या कल्पनेत कमी मानावे लागते तिच्यात लाघव. जिच्यात फाजील मानावे लागते तिच्यात गौरव. मराठीत गौरव म्हणजे सत्कार, पण शास्त्रात गौरव म्हणजे निव्वळ जडपणा, आणि तो दोष. व्याकरणकारांना तर लाघवाचे इतके वेड, की सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात म्हटले आहे. हा ग्रंथ काशीत राहणाऱ्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताचा, अठराव्या शतकातला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकविणाऱ्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो इंग्रजीत आणला.

शास्त्रीबुवांनी आणखी दोन बारकावे सांगितले. पहिला असा की लाघवाचे प्रकार आहेत. कल्पनेचे अंगच आटोपशीर असणे हा एक, आणि ती मनात चटकन उभी राहणे हा दुसरा. दुसरा असा की ‘फलमुख गौरव’ दोष मानीत नाहीत. प्रमाणाने कार्यकारणभाव सिद्ध झाला आणि मग त्याच्यामागून काही जादा मानावे लागले, तर तो जडपणा पत्करावा. म्हणजे विल्यमने अनुभवाला दिलेली सवलत आणि काशीच्या पंडितांची ही सवलत एकमेकींच्या जवळच्याच. आम्ही शास्त्रीबुवांना विचारले, ‘बुवा, चटकन मनात येते ते खरेच असते का?’ ते हसले आणि म्हणाले, ‘कामगारपुढाऱ्याने हे आम्हाला विचारावे?’

आता वैद्यकाकडे वळू. या नियमाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच संशोधनात दाखविणारे उदाहरण आम्ही शोधीत होतो. ते सापडले मुंबईत, परळला, गिरण्यांच्या धुराड्यांच्या सावलीत.

लूसी विल्स ही इंग्रज बाई. जन्म १८८८. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेतून डॉक्टर झाली. १९२८ साली ती मुंबईस आली. काम असे होते: मुंबईतल्या गरीब घरांतल्या, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका गरोदरपणी एका विलक्षण पंडुरोगाने खंगत, काही मरत. रक्त पातळ होई, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या पण आकाराने अवाढव्य दिसत. परळच्या हाफकिन संस्थेत तिने आपले बस्तान मांडले.

कारणे सुचविणारांना तोटा नव्हता. गरोदरपणातले विष, उष्ण हवा, आतड्यातले जंतू, दाटीची वस्ती. प्रत्येकाच्या बाजूने चार शब्द बोलता येत. विल्सने जंतूंचा माग काढून पाहिला, तो धागा हाती लागेना. मग तिने एक साधे काम केले, जे आमच्या मते थोर काम होते: कोणत्या घरातली बाई काय खाते, याची तिने घरोघर विचारपूस केली. चांगल्या खात्यापित्या घरांतल्या बायका त्याच मुंबईच्या हवेत गरोदर राहत आणि बाळंत होत, पण त्यांना हा रोग क्वचितच. जिच्या ताटात भाजी नाही, फळ नाही, दूध-मांस नाही, तिला हा रोग. हवा दोघींची एक, गरोदरपण दोघींचे एक. फरक फक्त ताटात. मग बाकीची चार कारणे मानावयाची कशाला?

तिने उंदरांना मुंबईच्या गरिबाचे जेवण घालून पाहिले, उंदीर पंडुरोगी झाले. येथे लाघवाचा जय झाला असे वाटते न वाटते तोच घोटाळा निघाला: उंदरांच्या अंगावरच्या उवांतून त्यांना एक रक्तातला जंतुरोग होत होता. एकाच पिंजऱ्यात दोन कारणे! हे लक्षात आल्यावर ती माकडांकडे वळली. पंडुरोगी माकडांना तिने निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले, आणि एकाने झपाट्याने गुण आला. तो पदार्थ म्हणजे मार्माइट, बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क. बायकांना तो दिला तेव्हा त्याही सुधारल्या. १९३१ साली तिने हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी अशा पंडुरोगावर रोज पावशेरभर काळीज खाण्याचा उपाय अमेरिकेतून नुकताच आला होता. गिरणीतल्या बाईने रोज काळीज आणावे कोठून? मार्माइट त्यामानाने स्वस्त होते.

येथवरची गोष्ट सुटसुटीत आहे, आणि पुष्कळ लोक ती येथेच थांबवितात. विल्स थांबली नाही. काळजाच्या उपायाने जो पंडुरोग बरा होई, तो मुख्यतः गोऱ्या मुलखातल्या उतारवयातल्या माणसांचा. त्याही रोगात पेशी अशाच मोठ्या. तेव्हा सर्वांत सोपे स्पष्टीकरण हेच, की दोन्ही रोग एक आणि कमतरताही एकाच द्रव्याची. परंतु काळजाचा अर्क जसजसा शुद्ध करीत गेले तसतसे एक विपरीत दिसू लागले. हा शुद्ध अर्क गोऱ्या म्हाताऱ्याला बरे करी; विल्सच्या रुग्णांना त्याचा गुण येईना. त्यांना कच्चे काळीज किंवा यीस्टच लागे. १९३७ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडले की येथे दुसरे, वेगळे द्रव्य मानलेच पाहिजे. ज्या बाईने चार कारणांची एका कारणात गाळणी केली, तिनेच पुढे एका द्रव्याची दोन केली; आणि दोन्ही वेळा तिने रुग्णांचेच ऐकले.

पुढचा इतिहास तिच्या बाजूने लागला. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले व त्यास फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९४५ साली लेडर्ली कंपनीत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. काळजातले दुसरे द्रव्य, बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली हाती आले. आज आपल्याकडे गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिच्यात परळच्या त्या शोधाचा अंश आहे.

दोन द्रव्ये एक मानली असती तर काय झाले असते? हे कल्पनेवर सोडण्याचे कारण नाही, कारण तसे घडले. फॉलिक ॲसिड बाजारात आले तेव्हा काही डॉक्टरांनी ते बी-१२ च्या अभावाच्या रुग्णांनाही दिले. रक्त सुधारले. सर्वांना वाटले, रोग एकच होता. परंतु त्या रुग्णांच्या मज्जातंतूंची हानी थांबली नाही. काहींचे हातपाय बधिर होत गेले, चाल बिघडली. रक्ताचा कागद स्वच्छ आणि माणूस अपंग, अशी अवस्था झाली.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आम्हांस फार बोचते. गरीब बाईच्या अंगात पुष्कळदा लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही कमी असतात. लोहाच्या अभावी पेशी लहान होतात, फॉलिकच्या अभावी मोठ्या. दोन्ही एकदम कमी असले की पेशींचे सरासरी माप जेमतेम ठीक येते! सरासरी पगाराचे आकडे ज्यांनी वाटाघाटीत ऐकले आहेत त्यांना ही किमया नवीन नाही. अमेरिकेतले जॉन हिकम नावाचे एक वैद्यकाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना बजावीत असत, की एका रुग्णाला हवे तितके रोग एकदम होऊ शकतात, त्याला कोणाची मनाई नाही. गरिबाच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. एक रोग त्याच्या घरी शिरला की दुसऱ्याला दार उघडेच सापडते.

आता त्या पिशवीकडे येऊ.

इटलीतले बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. डॉक्टर रुग्णाला जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एक घालावा, असे त्यांत सांगितले आहे: तू काम काय करतोस? आमच्या पिशवीतल्या नऊ वर्षांच्या कागदांत धंद्याच्या जागी कोठे ‘नोकरी’ होते, कोठे कोरी रेघ. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. लँकेशायरच्या गिरण्यांत १९५० नंतरच्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी त्याची ओळख पटविण्याची रीत बसविली. तिची किल्ली यंत्रात नसून प्रश्नात आहे. आठवड्याच्या सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवशी कमी होते, म्हणून इंग्रज कामगार त्याला सोमवारचा ताप म्हणत. रोग मुरला की आवळ रोजची होते, आणि मग क्ष-किरणाच्या फोटोवरून हा रोग आणि बिडीवाल्याचा जुना खोकला यांत भेद करणे कठीण.

आम्ही हे वाचून त्या कामगाराला विचारले, ‘मामा, सोमवारी छाती भरते का?’

‘न्हाई भाऊ. सोमवारी बरा असतो मी.’

आमचा विरस झाला. पुस्तकातले निदान गळून पडले. पिशवी बांधता बांधता ते म्हणाले, ‘शुक्रवारी मात्र लई जड जातंय बघा. पाळीवर चढलं की दोन-तीन तासांत दोरी आवळल्यागत हुतंय. शनिवारी जरा हलकं.’

तुमची सुटी कोणत्या वारी, हे आम्ही विचारलेच नव्हते. गिरणी आठवड्याचे सातही दिवस चाले आणि सुट्या आळीपाळीने असत. मामांची सुटी गुरुवारी होती.

त्या एका वाक्याने सगळे कागद जागेवर बसले. आठवड्यातले काही दिवस माणूस ठणठणीत का, हे समजले. मनाचा रोग मानण्याचे कारण उरले नाही. थुंकीत जंतू का नाहीत, हे समजले. दम्याच्या औषधाने थोडा उतार का आणि पुन्हा जोर का, हेही. आणि बिडी? गिरणीच्या कचेरीचे स्पष्टीकरणही एकाच कारणाचे होते, हे विसरू नका. मोजून पाहिले तर तेही धुळीइतकेच सुटसुटीत. पण मामा बिड्या गुरुवारीही ओढत, आणि शुक्रवारी काही जास्त ओढीत नसत. बिडीने दम लागतो हे खरे. शुक्रवार मात्र बिडीने लागत नाही. कचेरीचे उत्तर चटकन मनात येणारे होते, कचेरीला सोयीचे होते, आणि त्यात एक वस्तुस्थिती उघडी पडत होती. शास्त्रीबुवांच्या त्या दोन लाघवांतला भेद आम्हांस तेव्हा कळला.

आम्ही मामांना एका मोठ्या शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्या बाईंनी शुक्रवारी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर श्वास फुंकण्याच्या यंत्रावर मोजमाप करवून घेतले, मग तेच बुधवारी. शुक्रवारी पाळीनंतरचा आकडा स्पष्ट खाली गेला होता, बुधवारी थोडाच. त्यांनी धुळीचा रोग लिहिला. आणि खाली, आम्ही मागितले नसताना, दुसरी ओळ लिहिली: बिडीमुळे झालेला श्वासनलिकांचा जुना दाहही आहे. आम्ही जरा नाराज झालो. दाव्याच्या दृष्टीने एकच कारण असते तर आमचे काम सोपे झाले असते. बाई म्हणाल्या, ‘तुमच्या सोयीसाठी मी त्यांचा दुसरा आजार पुसू?’

धंद्याचा रोग म्हणून बिसिनोसिस त्या वेळी लागू असलेल्या राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात होताच. दावा तरीही पावणेतीन वर्षे चालला. समोरच्या बाजूने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले, आम्ही शुक्रवारच्या आकड्यांवर. शेवटी वैद्यकीय मंडळाने दोन्ही ओळी मान्य केल्या आणि कमाईच्या क्षमतेतली हानी आम्ही मागितली त्याहून कमी, पण मान्य केली. मामांना कार्डिंगमधून पॅकिंग खात्यात घेतले. बिडी त्यांनी निम्मी केली, असे ते सांगतात. मामींचे म्हणणे वेगळे आहे. गुरुवारची सुटी पॅकिंगमध्येही तीच राहिली. पहिल्या महिन्यात शुक्रवारी सकाळी पाळीवर जाताना ते आमच्या कचेरीवरून गेले की खिडकीशी थांबत, छातीवर हात ठेवीत, आणि काही न बोलता पुढे जात.